खान्देशात खाऱ्या पाण्याची टाकी: पहिला मासा आणण्याआधी टाकी कशी पिकवावी

शेतात युरिया टाकला की तो जसाच्या तसा पिकाला लागत नाही, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला किंवा कपाशी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जमिनीतले जिवाणू त्याचा आधी अमोनिया करतात, मग नायट्राइट, मग नायट्रेट. खाऱ्या पाण्याच्या टाकीतही हेच घडावं लागतं. मासा अमोनिया बाहेर टाकतो आणि अमोनिया माशाला विष आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचा नायट्रेट. हे दोन्ही गट दगडावर, वाळूवर आणि फिल्टरच्या माध्यमावर पुरेसे वाढेपर्यंत टाकीत एकही जीव सोडायचा नाही. शौकीन मंडळी याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात. आपण सरळ टाकी पिकवणं म्हणू.

किती दिवस लागतील, हा पहिला प्रश्न असतो. कोरडा दगड आणि बाटलीतले ताजे जिवाणू असतील तर दोन ते चार आठवडे, नुसतं वाट पाहत बसलात तर सहा ते आठ. पण दिवस मोजून टाकी पिकली असं ठरवू नका. टाकी पिकली की नाही हे फक्त टेस्ट किट सांगतं, आणि या लेखातली सगळी धडपड किटवरच्या दोन शून्यांसाठी आहे: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

कुठली टाकी धरून चाललो आहोत

हिशोब कळावा म्हणून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरू. काठोकाठ भरली तर ती साधारण 190 लिटरची. वरची दोन इंच रिकामी जागा, दगड आणि वाळू वजा केली की खरं पाणी 150 लिटरच्या आसपास उरतं. पुढचे सगळे आकडे या 150 लिटरचे आहेत; तुमची टाकी 300 लिटरची असेल तर दुप्पट करा. याहून लहान टाकीने सुरुवात करू नये. आपल्या उन्हाळ्यात कमी पाणी झपाट्याने तापतं आणि झपाट्याने आटतं.

काच, पाणी, दगड, वाळू मिळून वजन सव्वादोनशे किलोच्या वर जातं. लोखंडी स्टँड चौकोनी पाइपचं, चारही पाय एका पातळीत, काचेखाली थर्माकोलची शीट. पश्चिमेची भिंत आणि थेट गच्चीखालची खोली टाळा. जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली असेल तर तिच्यापेक्षा चांगली जागा नाही. डास पळवणारी कॉइल किंवा लिक्विड त्या खोलीत लावू नका. त्यातलं औषध हवेतून पाण्यात उतरतं आणि कोळंबी, खेकड्यासारख्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतं. कपाशीवर फवारणी करून आलेला हात टाकीत घालायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. साबणाने धुतल्यावरही त्या दिवशी नको.

पाणी: इथेच निम्मं काम आहे

खान्देशात समुद्र नाही. तापी आपल्या अंगणातून वाहत जाऊन सुरतेला समुद्राला मिळते म्हणून कोणी तिथून कॅन भरून आणायचं सुचवतो. आणू नका. मुखाजवळ नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, खंबातच्या आखाताचं पाणी गाळाने गढूळ असतं आणि किनाऱ्याला मोठे कारखाने आहेत. पाणी घरीच बनवायचं.

बोअरचं पाणी बाद. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं आणि बागायती पट्ट्यात खतांमुळे त्यात नायट्रेटही उतरलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांची) मर्यादा 500 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि पर्याय नसेल तर 2000 पर्यंत आहे, नायट्रेटची 45. माणसाला चालणारं 45 पीपीएम नायट्रेट टाकीत पहिल्याच दिवशी असेल, तर पिकवण्याच्या शेवटी जिथे पोचायचं त्याच्या कितीतरी पुढे तुम्ही सुरुवातीलाच उभे आहात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि जे जिवाणू वाढवायचे त्यांनाच ते मारतं.

म्हणून आरओ. स्वयंपाकघरातला आरओ चालतो, दोन बदल करून. पहिला: त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करायचा आणि मिनरल कार्ट्रिज काढून टाकायचं, कारण ही दोन्ही चवीसाठी पाण्यात क्षार परत मिसळतात. दुसरा: आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं) एक कार्ट्रिज जोडायचं. खिशातला टीडीएस मीटर शेवटी 0 ते 5 दाखवायला हवा. 60-70 दाखवत असेल तर कंट्रोलर अजून उघडा आहे किंवा मेंब्रेन गेलंय. घरगुती आरओला एवढं पाणी गाळायला दोन दिवस लागतील, आणि एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडेल. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात ते गटारात सोडणं बरोबर नाही. ड्रममध्ये धरून फरशी, भांडी, संडासासाठी वापरा.

मीठ सागरी मत्स्यालयाचंच घ्या: रेड सी, इन्स्टंट ओशन, अ‍ॅक्वाफॉरेस्ट, ट्रॉपिक मरीन यांपैकी जे मिळेल ते. स्वयंपाकाच्या मिठात मुख्यतः सोडियम क्लोराइड आणि गुठळ्या न होण्याचं रसायन असतं. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम (लिटरला सुमारे 1300 मिलिग्रॅम), कॅल्शियम (सुमारे 420) आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) त्यात नाही. जळगाव-धुळ्याला मीठ मिळालं नाही तर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून आणता येतं, भुसावळ-जळगावकडे येणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. पिशवी फुटलेली, ओल लागून दगड झालेली असेल तर घेऊ नका.

150 लिटरला साधारण साडेपाच किलो मीठ लागतं. पहिल्या वेळी टाकी रिकामीच असते, तेव्हा टाकीतच कालवा. आधी पाणी भरा, पंप सुरू करा, मग मीठ मूठमूठ सोडा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन खाली बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. 24 तास पंप फिरू द्या, मगच मोजा. लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार; यालाच पुढे क्षारता म्हटलं आहे), म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणारा प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या. प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तरी आकडा फिरतो. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून विश्वास ठेवू नका, वरच्या टोकाला तो चुकू शकतो. 3.65 ग्रॅम साधं मीठ आणि 96.35 ग्रॅम आरओ पाणी मिसळलं की त्या द्रावणाचं वाचन 35 पीपीटी यायला हवं. यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो; सोन्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात असा काटा शोधायला फार फिरावं लागणार नाही. पुढे अमोनियम क्लोराइड तोलायलाही तोच कामाला येईल. थेंब काचेवर टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा. मे महिन्यातल्या खोलीत काच आणि पाणी यांच्या तापमानात फरक असतो आणि घाईत घेतलेलं वाचन फसवतं.

दगड आणि वाळू

दगड म्हणजे जिवाणूंचं घर. जितका सच्छिद्र, तितकी जागा जास्त. दर 10 लिटरला सुमारे एक किलो, म्हणजे 15 किलो धरा. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंटचा 'रीफ रॉक' घ्या, किंवा स्वच्छ चुनखडीचा सच्छिद्र दगड. सिमेंटचा दगड ताजा असेल तर काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवत ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर पीएच 9 कडे जातो.

प्रवाळाचा दगड मात्र घ्यायचा नाही, कोणी कितीही स्वस्तात दिला तरी. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असोत वा वाळलेल्या सांगाड्याचा तुकडा, त्यांचा व्यापार गुन्हा आहे. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून जे विकलं जातं ते समुद्रातून तोडून आणलेलं असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सुरुवातच स्वच्छ करा.

आपला काळा दगड वापरू का, असं बरेचजण विचारतात. बेसॉल्ट घट्ट असतो, त्यात जिवाणूंना आत शिरायला जागा नाही आणि टाकीला त्याचा उपयोग वजनापुरताच. याच दगडाच्या पोकळ्यांतून निघणारे जळगाव परिसरातले झिओलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. झिओलाइट अमोनिया शोषतो हे ऐकून कोणी ते टाकीत घालायचं ठरवेल. गोड्या पाण्यात ते खरं आहे. खाऱ्या पाण्यात सोडियम एवढा असतो की झिओलाइटच्या जागा तोच अडवून बसतो आणि अमोनिया जवळपास तसाच राहतो.

वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, एक-दोन मिलिमीटर दाण्याची. तीन सेंटिमीटर थराला सुमारे 18 किलो लागते. गिरणा किंवा तापीची वाळू नको: ती मुख्यतः बेसॉल्टचा चुरा आणि सिलिका असते, तिच्यात लोहाचे कण आणि गाळ असतो. तिच्यावर तपकिरी शेवाळाचा थर महिनोन्‌महिने राहतो. अ‍ॅरागोनाइटही आरओ पाण्यात तीन-चारदा धुऊनच घाला, पहिलं पाणी दुधासारखं निघतं.

प्रवाह, फिल्टर आणि लाईट

या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खर्च होतो. आणि समुद्राच्या पाण्यात 25 अंशांना लिटरला सुमारे 6.7 मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 6.2. म्हणून पाणी सतत हलतं हवं. तासाला चार हजार लिटरचा एक डीसी वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) पृष्ठभागाकडे थोडा वळवून लावा, पाण्यावर लाटा दिसायला हव्यात. शिवाय मागे लटकणारा फिल्टर, त्यात स्पंज आणि अर्धा किलो सिरॅमिक रिंग. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) असेल तर लावा, पण जिवाणू घातल्यापासून तीन दिवस बंद ठेवा. जंतू मारणारा यूव्ही दिवाही तेव्हा बंद.

दिवे पिकवण्याच्या काळात लावूच नका. जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो.

वीज जाणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, विशेषतः गावात. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या. 150 एएचच्या बॅटरीत सुमारे 1800 वॉट-तास असतात. 15 वॉटचा पंप तिला काहीच नाही, इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरूनही रात्र निघते. हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नका. टाकीखाली संप (फिल्टरसाठीची दुसरी टाकी) असेल तर एकदा मुद्दाम मेन बंद करून पाहा: पाइपमधलं आणि काठावरचं पाणी खाली उतरतं, ते संपमध्ये मावायला हवं. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक लहान छिद्र पाडलं तर उलटा सायफन तिथेच तुटतो. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर वापरत असाल तर लक्षात ठेवा, पाच-सहा तास लाईट नसली की त्यातला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. लाईट आल्यावर डबा उघडून वास घ्या. सडक्या अंड्याचा वास असेल तर तो तसाच सुरू करू नका. आतलं पाणी फेकून माध्यम टाकीच्या पाण्यात खंगाळून मगच जोडा.

खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), खरं अर्थिंग, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाणारी, म्हणजे थेंब वायरवरून प्लगमध्ये उतरणार नाही. टाकीत हात घालताना सगळं बंद.

तापमान: मे आणि डिसेंबर, दोन्हीकडे डोकं लागतं

जिवाणूंना 26 ते 28 अंश उत्तम. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, आणि त्याच जळगावला थंडीच्या रात्री तो दहाच्या आसपास उतरतो. 20 च्या खाली जिवाणूंची वाढ अगदी मंदावते. म्हणून 150 वॉटचा हीटर घ्याच, उन्हाळ्यात टाकी सुरू करत असाल तरी.

उन्हाळ्यात माठाचं गणित वापरा. माठ झिरपतो, पाणी वाफ होऊन उडतं, उरलेलं थंड होतं. आपली हवा मे महिन्यात कोरडीठाक असते, म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला एक छोटा 12 व्होल्टचा पंखा पाणी तीन-चार अंशांनी सहज खाली आणतो. काचेचं झाकण काढा, त्याऐवजी बारीक जाळी लावा, धूळही अडते. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम कमी होतो, आणि पावसाळ्यात तर तो फारसा चालतच नाही. जीव नसलेल्या टाकीत पाणी 30 अंशांपर्यंत गेलं तरी बिघडत नाही. मासे आल्यावर तेवढं चालणार नाही, हे मात्र आत्ताच लक्षात घ्या. निवड हातात असेल तर दिवाळीनंतर सुरू करा: हीटरने तापमान धरणं पंख्याने धरण्यापेक्षा सोपं असतं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टाकी मुरलेली असते.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे चार लिटरहून थोडं जास्त पाणी उडालं. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागे राहतं. एका सेंटिमीटरला क्षारता 35 वरून 36 होते; तीन सेंटिमीटर उतरेपर्यंत दुर्लक्ष झालं तर 38. म्हणून काचेवर मार्करने एक रेघ ओढा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत साधं आरओ पाणी भरा. मिठाचं पाणी कधीच नाही. नवख्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

अमोनिया कुठून आणायचा

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. काही जण एक कच्ची कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून सडवतात. चालतं, पण किती अमोनिया सुटतोय यावर ताबा राहत नाही, फॉस्फेट साचतं आणि घरात वास राहतो. वाळलेलं सुकट, बोंबील तर नकोच. आणि 'मजबूत मासा' म्हणून डॅमसेल सोडून त्याच्या विष्ठेवर टाकी पिकवणं ही जुनी रीत आता सोडून द्यावी. त्या माशाचे कल्ले अमोनियाने जळत असतात.

स्वच्छ मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड. हा आपल्या ओळखीचा आहे: कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर. पण कल्हईची वडी टाकीत घालू नका, तिच्यात धातूंची भेसळ असू शकते. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध, एआर ग्रेडचा मिळतो. 100 ग्रॅम अनेक टाक्यांना पुरतो.

घरात युरिया पडलेला असेल तर तोही नको. 2015 पासून आपल्याकडचा सगळा अनुदानित युरिया निमलेपित आहे, आणि निंबाचा लेप दिलाच आहे तो नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करायला. म्हणजे जे वाढवायचं त्याचाच अडसर आपल्या हाताने टाकीत घातल्यासारखं होईल.

10 ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे 3.2 मिलिग्रॅम अमोनिया असतो. 150 लिटर पाण्यात 2 पीपीएम करायला 94 मिलिलिटर लागतात. आधी 90 घाला, तासाभराने मोजा, मग कमी-जास्त करा. तुमच्या टाकीतलं खरं पाणी किती हेही त्यातून कळेल.

आता क्रमाने

मीठ विरघळून 24 तास झाले, 35 पीपीटी आलं, तापमान 26-27. पंप बंद करून दगड रचा, आणि दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर ठेवा. खणणारे जीव पुढे वाळू उपसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कोसळतो. मग वाळू. पाणी दोन दिवस गढूळ राहील.

पाणी निवळलं की जिवाणू घाला. ही विरजणाची पायरी आहे: विरजण ताजं असेल तर दही लवकर लागतं, मेलेलं असेल तर दूध नुसतं नासतं. बाटली सागरी टाकीसाठीचीच घ्या; गोड्या पाण्याचे जिवाणू 35 पीपीटीत तग धरत नाहीत. मे महिन्यात कुरिअरने मागवू नका. 45 अंशांच्या उन्हात दोन दिवस डब्यात फिरलेली बाटली बऱ्याचदा मेलेली असते. कोणी आणणार असेल तर थर्माकोलच्या डब्यात, बर्फाला न टेकवता. घरी फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नाही. ओळखीच्या कोणाची रोगमुक्त, वर्षभर चाललेली सागरी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला किलोभर सिरॅमिक हे सगळ्यात चांगलं विरजण. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, झाकण सैल ठेवून, शक्य तितक्या लवकर आणा.

त्याच दिवशी अमोनिया 2 पीपीएमवर न्या. 5 च्या वर कधीच जाऊ देऊ नका. जास्त अमोनिया दुसऱ्या गटाच्या जिवाणूंना दाबून टाकतो.

नंतर दोन दिवसांआड मोजा आणि वहीत लिहा: तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट. सॅलिसिलेट पद्धतीचं, हिरव्या रंगाचं अमोनिया किट घ्या. नेसलरचं पिवळं किट खाऱ्या पाण्यात नीट चालत नाही. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर पाहा. एलईडी ट्यूबखाली 0 आणि 0.25 मधला फरक दिसत नाही.

साधारण असं होतं. पहिला आठवडा काहीच हलत नाही. मग एक दिवस अमोनिया 2 वरून 1.5 आणि नायट्राइटचं पाणी हलकं जांभळं. तो जांभळा रंग पुढच्या काही दिवसांत गडद होत जातो. 2 पीपीएम अमोनिया पूर्ण रूपांतरित झाला की सुमारे 5.4 पीपीएम नायट्राइट होतो, आणि त्याचाच शेवटी सुमारे 7.3 पीपीएम नायट्रेट. अमोनिया शून्याला आला की अर्धा डोस, म्हणजे 1 पीपीएम, तीन दिवसांतून एकदा. जिवाणू उपाशी राहू नयेत एवढंच. नायट्राइट उतरायला लागेपर्यंत याहून जास्त नाही.

या टप्प्यावर नायट्रेटचं किट बाजूला ठेवा. ते आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मग रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात नायट्राइट असताना त्याचा आकडा भलताच मोठा येतो.

अडलं तर

बारा-चौदा दिवस झाले आणि अमोनिया जागचा हलला नाही: पाणी 22-23 अंशांवर आहे का? आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर संपून क्लोरीन आत आलं का? दोन्ही नसेल तर जिवाणूंची बाटली मेलेली होती, नवी घाला.

नायट्राइट दोन-तीन आठवडे कमाल रंगावर अडकून आहे: आधी खात्री करा की तो खरंच तिथेच आहे. टाकीच्या एक भाग पाण्यात नवं मिठाचं चार भाग पाणी मिसळून मोजा आणि आकड्याला पाचने गुणा. बऱ्याचदा तो 20 वरून 8 वर आलेला असतो, पण किटला 5 च्या पुढचा फरक दिसतच नाही. खरंच अडकला असेल तर अमोनिया घालणं थांबवा आणि चिमूटभर माशांचं खाद्य टाका. आरओ-डीआय पाणी आणि कोरडा कारखानी दगड यांत फॉस्फेट जवळपास नसतो, आणि जिवाणूंना वाढायला तो थोडा लागतोच. तरी हललं नाही तर निम्मं पाणी बदला.

पीएच खाली जातोय: हे जिवाणू काम करताना अल्कलिनिटी खातात. 2 पीपीएम अमोनियाचा एक डोस अंदाजे 0.65 डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) संपवतो. चार-पाच डोसनंतर 8 डीकेएचचं पाणी पाचवर येतं आणि पीएच 7.8 च्या खाली सरकतो. 7 जवळ काम फार मंदावतं. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, 4.5 ग्रॅम या टाकीत 1 डीकेएच वाढवतो. ग्लासभर आरओ पाण्यात विरघळवून प्रवाहात हळू ओता. दिवसाला एका डीकेएचहून जास्त नाही.

पाणी दुधाळ झालं, पण वास नाही: मुक्त जिवाणूंचा बहर. तीन-चार दिवसांत आपोआप जातो, हवा वाढवा. वाळूवर तपकिरी पावडर दिसली तर ते डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ), तेही जातात. दोन्हींसाठी औषध टाकायची गरज नाही.

पिकली हे कसं ओळखायचं

नायट्राइट पहिल्यांदा शून्य आला की परीक्षा घ्या. संध्याकाळी 7 वाजता अमोनिया 2 पीपीएम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य. एक दिवस सोडून पुन्हा तसंच. दोन्ही वेळा दोन शून्य आले तरच टाकी पिकली. एक शून्य आणि एक 0.5 म्हणजे अजून आठवडा. दुकानदार 'पाणी जुनं झालं, टाका मासे' म्हणेल. त्याचं ऐकू नका.

खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशाला गोड्या पाण्याइतका घातक नसतो, कारण क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. हे खरं असलं तरी नायट्राइट शून्य होण्याची वाट पाहाच. तो शिल्लक आहे याचा अर्थ दुसरा गट अजून कच्चा आहे.

आता नायट्रेट मोजा. एकूण 8 पीपीएम अमोनिया घातला असेल तर तो 29-30 च्या आसपास येईल. 75 लिटर पाणी काढा, आदल्या दिवशी ड्रममध्ये पावणेतीन किलो मीठ कालवून, तापमान आणि क्षारता जुळवून तयार ठेवलेलं 75 लिटर भरा. नायट्रेट 15 वर येतो. तेवढं पहिल्या माशांना ठीक आहे.

मासे यायला उशीर असेल तर दर तीन दिवसांनी 1 पीपीएम अमोनिया देत राहा. पंधरा दिवस उपाशी ठेवलेल्या टाकीतले जिवाणू मंदावतात.

पहिल्यांदा ऑसेलॅरिस क्लाउनफिशची एक लहान जोडी, पैदास केंद्रातली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त पैदाशीचं तंत्र आपल्याच देशात विकसित केलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा मागायचं कारण नाही. सोबत चार-पाच गोगलगायी. मासे मुंबईहून रात्रीच्या गाडीने आणा, दिवसा उन्हात नाही. पिशवी 20 मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा. विक्रेते बऱ्याचदा 25-28 पीपीटीवर ठेवतात. मासा कमी क्षारतेतून जास्त क्षारतेत एकदम गेला तर त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. दोन पीपीटीहून जास्त फरक असेल तर बादलीत बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडून तासभरात सारखं करा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पहिले सात दिवस रोज अमोनिया मोजा. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. अमोनिया 0.25 दिसला तर खाद्य दोन दिवस बंद करा आणि 30 लिटर पाणी बदला, 0.5 दिसला तर 60 लिटर, आणि बाटलीतले जिवाणू पुन्हा घाला. पाणी गरम आणि पीएच वर असेल तर तोच आकडा माशाला जास्त बाधतो, म्हणून मे महिन्यात 0.25 लाही हलक्यात घेऊ नका. पुढचा मासा किमान दोन आठवड्यांनी, आणि तोही एकच.